व्हेंकीज आऊट म्हणावं का? आणि म्हणून काही होतं का?

अंडीवाला विटा

मंडळी, नमस्कार. विट्याजवळ आमची लेअर पोल्ट्री आहे, म्हणजे अंड्यांची. आणि मी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा फॅन आहे. खानापूर तालुक्यात दुसरा कुणी असेल तर त्यानं आधी हात वर करावा, मग पुढचं वाचावं.

नाद कसा लागला ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीज या कोंबडी-अंड्यांच्या कंपनीनं २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब घेतला. आमच्या घरात ती खेळाच्या पानावरची बातमी नव्हतीच. व्हेंकीजवाल्या डॉ. बी. व्ही. राव यांनी १९८२ साली एनईसीसी, म्हणजे अंड्याचा रेट जाहीर करणारी पोल्ट्रीवाल्यांची संघटना, उभी केली, त्याच्या आधी व्यापारी म्हणेल तो अंड्याचा भाव असायचा. आण्णांनी तो काळ बघितलाय. ते अजून चहाच्या आधी शेकड्याचा रेट बघतात. त्या रावांच्या पोरांनी इंग्रजाची टीम घेतली म्हटल्यावर आण्णांनी शेडवरच्या माणसांना पेढे वाटले. फुटबॉलमध्ये एका बाजूला किती गडी असतात, हे त्यांना आजही माहीत नाही.

मी तेव्हा सांगलीत कॉलेजला. रूमवर सगळे मँचेस्टर, चेल्सी, आर्सेनलवाले. म्हटलं चला, आपलीबी एक टीम झाली. आणि टीम काही ऐरीगैरी नव्हती. १८७५ चा क्लब. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू केली त्या बारा क्लबांतला एक. जॅक वॉकर नावाच्या ब्लॅकबर्नच्याच स्टीलवाल्यानं आपला पैसा ओतला आणि १९९४-९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या नाकावर टिच्चून प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सगळ्यात वरची लीग, जिंकून दाखवली. त्या हंगामात ॲलन शिअररचे लीगमध्ये ३४ गोल होते. रूमवाल्यांशी भांडताना हे आकडे फार कामाला आले.

पण पुढं काय झालं? क्लब घेऊन महिना होतोय न होतोय तोवर मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, सॅम अलार्डाइसला घरी पाठवलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, काही आग लागली नव्हती. त्याच्या जागी आतलाच स्टीव्ह कीन. मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत अशी जाहिरात आली. ऑक्टोबर २०११ मध्ये टीम पुण्यात आली, बालेवाडीला पुणे एफसीशी खेळली आणि ३-० जिंकली. मी होतो तिथं. आजवर डोळ्यांनी बघितलेली ब्लॅकबर्नची तेवढी एकच मॅच. आणि मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून रेलिगेट झालो, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरलो. त्या मॅचला कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. सगळं जग हसलं. मी पहिल्यांदा बघितलं की कोंबडी गावरान आहे का फार्मची.

पुढच्या हंगामात तर कहर झाला. हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. अरे, पिल्लू आणल्यापासून अंड्यावर यायला साडेचार महिने लागतात, तेवढा धीर आम्ही कोंबडीला देतो. तुम्ही माणसाला दोन महिने देता? आणि हे कोंबडीवाल्यांनीच करावं?

२०१७ मध्ये तिसऱ्या पातळीवर गेलो, २०१८ ला वर आलो. तेव्हापासून चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, लटकलोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये टीम प्लेऑफच्या, म्हणजे वर जायच्या शर्यतीतल्या, जागी असताना मॅनेजर जॉन यूस्टेस उठून डर्बीला गेला. म्हणजे आमच्याकडून निघून जो माणूस खाली झगडणाऱ्या टीमकडं जातो, त्याला काय दिसलं असेल? मे २०२५ मध्ये महिलांची टीम दुसऱ्या पातळीच्या लीगमधून काढून घेतली, खर्च परवडत नाही म्हणून. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

आता दुसरी बाजू. मालकांनी दरवर्षी पदरचे पैसे घातलेत, कोट्यवधी पौंड. मध्यंतरी ईडीच्या चौकशीपायी भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागायची, तरी क्लब बंद पडू दिला नाही. पोरं घडवायची अकॅडमी पहिल्या दर्जाची आहे, ती चालू ठेवली. मग ह्यांना चोर म्हणायचं का?

आता प्रश्न. इंग्लंडमधल्या एका फॅनशी माझी बरीच वर्षं ओळख आहे. तो म्हणतो, तू पुण्याच्या जवळ राहतोस, चार माणसं गोळा कर, कंपनीच्या हेड ऑफिससमोर ‘व्हेंकीज आऊट’ असा बोर्ड धरून उभा राहा, फोटो इकडं सगळीकडं जाईल. विट्याहून पुणं चार तास. चार माणसं मिळतील, बिर्याणी कबूल केली तर आठ मिळतील. पण आण्णांना सांगितलं तर म्हणाले, “ज्यांच्यामुळं अंड्याला भाव मिळाला त्यांच्या दारात बोर्ड धरतोस?” रेट एनईसीसीचा, क्लब कंपनीचा, दोन्ही वेगळं, हे आण्णांना पटवायला गेलो तर जेवण गार होतं.

तर सांगा. मालकाविरुद्ध आंदोलन करून कुठला मालक कधी गेलाय का? आणि मी जावं का पुण्याला?

साताऱ्याचा लाल

लगा, आधी एक गोष्ट डोक्यात घे. तुझा मालक खिशातनं पैसे घालतोय. आमच्या मालकानं आमच्याच खिशातनं काढून आम्हाला विकत घेतलंय.

मी मँचेस्टर युनायटेडवाला. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला, किंमत साधारण ७९ कोटी पौंड. त्यातले निम्म्याहून जास्त कर्जाचे, आणि ते कर्ज शेवटी क्लबच्या डोक्यावर. त्याआधी युनायटेडवर दमडीचं कर्ज नव्हतं. म्हणजे जमीन माझी, गहाण माझी, सातबारा तुमच्या नावावर, आणि हप्ता पुन्हा मीच भरायचा.

आंदोलनं म्हणशील तर आम्ही सगळी करून बसलोय. २००५ मध्येच काही लोक उठले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा आपला वेगळा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा. तो अजून आहे, खालच्या लीगमध्ये खेळतो. २०१० मध्ये हिरव्या-सोनेरी मफलरची लाट आली. युनायटेडचं १९०२ पर्यंतचं नाव न्यूटन हीथ, त्यांचे ते रंग. मार्च २०१० मध्ये आमचा जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे आमच्या मैदानावर, खेळायला आला, मॅच संपल्यावर त्यानं मैदानात पडलेला तसला मफलर उचलून गळ्यात घातला. मी राजवाड्याजवळच्या शिंप्याकडनं तसाच शिवून घेतला. घालून पोवई नाक्यावर गेलो की लोक विचारायचे, “काय, पक्ष बदलला का?”

झालं काय? २०१२ मध्ये ग्लेझरनं न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर विकले, आणि विकताना मेख मारून ठेवली. लोकांना विकलेल्या शेअरला एक मत, घरातल्या शेअरला दहा मतं. तू हजार शेअर घे नाहीतर लाख घे, सभेत तुझा आवाज बारीकच. २ मे २०२१ ला लोक ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले, लिव्हरपूलविरुद्धची मॅच त्या दिवशी झालीच नाही. अकरा दिवसांनी खेळवली आणि आम्ही २-४ हरलो, ते जाऊ दे. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के घेतले, फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडं गेला. लोकांनी फटाके वाजवले. मग त्यांनी शेकडो कामगार कमी केले आणि हंगामाच्या मधेच उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली, म्हाताऱ्याला न् पोराला सूट नाही. २०२४-२५ ला टीम पंधरावी आली. ग्लेझर अजून बसलेलेच आहेत.

आता तू म्हणशील मग उपयोग शून्य. तसं नाही. एप्रिल २०२१ मध्ये बारा बड्या क्लबांनी सुपर लीग, म्हणजे बड्यांचीच वेगळी युरोपभरची लीग, जाहीर केली, त्यात इंग्लंडचे सहा, आमचाही. दोन दिवसांत सहाच्या सहा बाहेर पडले. लिव्हरपूलचं बघ. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांचं तिकीट काढणार म्हणून हजारो लोक ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले, आठवड्याच्या आत मालकांनी माघार घेतली. कार्डिफचा मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यानं निळी जर्सी लाल केली होती २०१२ मध्ये, २०१५ ला परत निळी करावी लागली. टॅन तिथंच राहिला, जर्सी परत आली.

माझं म्हणणं एवढंच, की ‘तू जा’ ही मागणी मालकाला ऐकूच येत नाही. ‘हे करू नको’ ही ऐकू येते. तिकीट, जर्सी, लीग, महिलांची टीम, असलं काहीतरी हातात धरता येण्यासारखं माग.

बाकी इंग्रजांनी पुण्याच्या माणसाला ‘चले जाव’ म्हणायचं आणि बोर्ड धरायला आपल्या भागातला गडी शोधायचा, हे लई भारी आहे. १९४३ मध्ये आपल्याकडं पत्री सरकार चालवणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे होतं.

पेठेतला कोल्हापूरकर

भावा, तुमचं सगळं वाचून एकच प्रश्न पडला. टीमला मालक लागतोच कशाला? आमच्याकडं पाटाकडील आहे, शिवाजी तरुण मंडळ आहे, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. तालीम आहे, पेठ आहे. टीम हरली की कार्यकर्त्याला दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून घरच्या आज्जीपर्यंत सगळ्यांना उत्तर द्यावं लागतंय. इंग्लंडात मालक सापडत नाही ही अडचण, आमच्यात कार्यकर्ता लपू शकत नाही ही अडचण.

तोटा पण सांगतो. पैसा नाही. वर्गणी, नेत्याची देणगी, स्पर्धेचं बक्षीस, यावर हंगाम काढायचा. आणि नेत्याची देणगी आली की नेता पण येतोय. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमला ये, विट्याहून काय लांब नाही. ब्लॅकबर्नपेक्षा तरी जवळ.

मिरजेची, सध्या लँकेशायर

दादा, मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण मी ब्लॅकबर्नमध्येच राहते. मूळ मिरजेची, नर्स आहे.

इथं पेशंट विचारतात, इंडियात कुठली? मिरज म्हटलं तर कुणाला कळणार, म्हणून सुरुवातीला सांगायचे की पुण्याच्या बाजूची. वॉर्डातले एक आजोबा पुणे हे नाव ऐकून असे उसळले की मला बीपी परत दहा मिनिटांनी घ्यावं लागलं. या गावात पुणे म्हणजे शनिवारवाडा नाही, विद्यापीठ नाही. पुणे म्हणजे व्हेंकीज. आता मी मुंबईच्या बाजूची सांगते.

पण ते आजोबा नंतर बरंच बोलले, आणि त्यांचं म्हणणं मला इथल्या गर्दीतल्या घोषणांपेक्षा जास्त पटलं. त्यांना पैशाबद्दल तक्रार नव्हती. पैसे येतात हे त्यांना मान्य होतं. तक्रार अशी, की मालक ईवूड पार्कला, म्हणजे क्लबच्या मैदानावर, दिसत नाहीत, बोलत नाहीत. जॅक वॉकरला ते लहानपणापासून ओळखत होते, म्हणजे रस्त्यात दिसला तर हाक मारू शकत होते. आता रागवायचं तर कुणाच्या तोंडावर रागवायचं? मॅनेजर येतो नि जातो, मैदानावर जाऊन बोंब मारली तर ती आपल्याच पोरांना ऐकू जाते. त्यांनी सीझन तिकीट सोडलंय. मैदान ३१ हजारांचं, बऱ्याच मॅचना निम्मंच भरतं. तरी शनिवारी तीनला रेडिओ लावतात, वॉर्डातसुद्धा लावला होता, आणि शेजारची वैरी टीम बर्नली हरली की जास्त खूश होतात.

आंदोलनानं मालक जातो का, याचं उत्तर इथून तासाभरावर आहे. ब्लॅकपूल. समुद्रकाठचं गाव. त्यांची टीम २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेली, एकाच वर्षात खाली आली, पण त्या एका वर्षाचा पैसा मोठा होता. तो क्लबमध्ये न राहता मालक ऑयस्टन कुटुंबाच्या दुसऱ्या कंपन्यांकडं वळला. मे २०१५ मध्ये लोक मैदानात उतरले आणि मॅच अर्धी सोडावी लागली. मग त्यांनी ठरवलं, एक पेनी द्यायची नाही. तिकीट नाही, जर्सी नाही, स्टेडियममधला चहासुद्धा नाही. काही वर्षं लोक घरी बसले. बायका सांगतात, नवरे शनिवारी काय करावं ते न कळून बागकाम शिकले.

तरी मालक गेला तो त्यामुळं नाही. क्लबमधलाच दुसरा भागीदार, लॅटव्हियाचा वलेरी बेलोकॉन, कोर्टात गेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये हायकोर्टानं ऑयस्टनना ३ कोटी १२ लाख पौंड द्यायला लावले. ते वेळेत पूर्ण दिले गेले नाहीत, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी, नेमला आणि ऑयस्टन बाहेर पडले. मार्चमध्ये लोक परत मैदानावर आले, म्हातारी माणसं रडत होती. जूनमध्ये गावातच वाढलेल्या एका फॅननं क्लब घेतला. म्हणजे धक्का कोर्टानं दिला. पण इतकी वर्षं लोक बाहेर उभे होते म्हणून तो क्लब मालकाला दाखवायलासुद्धा चांगला राहिला नव्हता. लिव्हरपूलचं तसंच. २००७ ला हिक्स आणि जिलेट नावाचे दोन अमेरिकन मालक आले. फॅन घोषणा देत होतेच, पण त्यांनी बँकांनाही मेलचा मारा केला की ह्यांना नवं कर्ज देऊ नका. ऑक्टोबर २०१० मध्ये जुन्या कर्जाची मुदत संपली, मामला कोर्टात गेला, क्लब ३० कोटी पौंडांना विकला गेला.

एक भीतीची गोष्ट पण सांगते, कारण ती इथं लोक हळू आवाजात बोलतात. बरी हा १८८५ चा क्लब, इथून जवळच. डिसेंबर २०१८ मध्ये एक पौंडाला विकला गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. मालक जावा म्हणताना येणारा कोण आहे, हे कुणाच्याच हातात नसतं. आता जुलै २०२५ मध्ये इथं कायदा झालाय, फुटबॉलसाठी स्वतंत्र नियंत्रक आला. मालक होणाऱ्याची चौकशी तो करणार, आणि क्लबनं फॅनना विचारात घेतलं पाहिजे अशी अट आहे. कितपत चालतं ते बघायचं.

महिला टीमबद्दल तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. माझ्या शेजारची मुलगी त्या क्लबच्या मुलींच्या गटात खेळते.

अंडीवाला विटा

ताई, हे असं कुणीच सांगत नाही. बातम्यांत नुसतं ‘चाहते संतप्त’ एवढंच असतं. आजोबांना विट्यातल्या एका निळ्या-पांढऱ्याचा नमस्कार सांगा. पुण्याचं नाव काढू नका.

साताऱ्याच्या लाल, तुझा मुद्दा कळला. पण एक अडतंय. ‘हे करू नको’ म्हणायला आधी ते करणार आहेत हे कळायला पाहिजे. आमच्याकडं निर्णय झाल्यावर कळतंय. यूस्टेस गेल्यावर कळलं, महिलांची टीम काढल्यावर कळलं.

कुंडलचा सभासद

अंडीवाल्या, मी वयानं मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला होतो, त्यामुळं हे लिहितो.

तिकडं ५०+१ असा नियम आहे. क्लबची कंपनी केली तरी निम्म्यापेक्षा एक मत जास्त मूळ सभासदांच्या संस्थेकडं राहायला पाहिजे. बायरचं लेव्हरकुसेन आणि फोक्सवॅगनचं वोल्फ्सबुर्ग अशी जुनी सवलतवाली उदाहरणं आहेत, आणि लाइपझिगनं सभासदच मूठभर ठेवून पळवाट काढली म्हणून त्यांच्यावर सगळा देश खार खाऊन असतो. बाकी ठिकाणी मी नि तू वर्षाची वर्गणी भरून सभासद होऊ शकतो. मी झालो होतो, व्हीएफबी स्टुटगार्टचा. कार्ड अजून आहे. एक सभासद, एक मत. साखर कारखान्याचा आणि सोसायटीचा सभासद असलेल्या माणसाला हे काय नवीन?

आणि सभासद असला म्हणजे सगळं आलबेल असतं, असं कोल्हापूरकरांनी समजू नये. जुलै २०१९ मध्ये व्हीएफबीची सर्वसाधारण सभा होती. टीम रेलिगेट झालेली, अध्यक्ष वोल्फगांग डीट्रिश यांना काढायचा ठराव मतदानाला येणार होता. मतदान मोबाइलवर. आणि ऐन वेळी स्टेडियमचं वायफाय बंद पडलं! मतदान झालंच नाही, सभा गुंडाळली. ऑफिसमधला सहकारी दुसऱ्या दिवशी रागानं लाल होऊन मला हे सांगत होता आणि मला हसू आवरेना. आपल्याकडं माइक बंद पडतो, नाहीतर पुढच्या रांगेतले ‘मंजूर, मंजूर’ ओरडून विषय संपवतात. पण फरक असा, की डीट्रिश यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. माइक बंद पाडून आपल्याकडं कुणी राजीनामा दिलेला मला तरी आठवत नाही.

दुसरं उदाहरण मोठं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगनं टीव्हीच्या उत्पन्नातला काही टक्के हिस्सा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं. ३६ क्लबांचं गुप्त मतदान, दोन तृतीयांश लागत होती, २४ पडली. बरोबर काठावर. लगेच संशय, की एका क्लबच्या प्रतिनिधीनं आपल्याच सभासदांचा आदेश डावलून हो म्हटलं. क्रॉस व्होटिंग! मग काय, फॅननी टेनिसचे बॉल मैदानात फेकायला सुरुवात केली. चॉकलेटची नाणी फेकली, धूर सोडणाऱ्या रिमोटच्या गाड्या सोडल्या. दर आठवड्याला मॅच थांबायची, काही तर अर्धा-अर्धा तास. कुणाला इजा नाही, तोडफोड नाही, पण टीव्हीवाल्यांचं वेळापत्रक कोलमडलं. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं बेत सोडला.

तिथं हे जमलं, कारण बॉल फेकणारा माणूस मत देणाराही होता. पुढच्या सभेत त्याला तोंड द्यायचं आहे, हे क्लबच्या पदाधिकाऱ्याला माहीत होतं. तुझ्या ब्लॅकबर्नला ते नाही. तू तिथं गिऱ्हाईक आहेस, आणि तेही विट्याचं, तिकीट न काढणारं. तेव्हा बोर्ड धरून पुण्यात उभा राहिलास तर फोटो निघेल, पुण्याच्या दुपारच्या पेपरात चौकोन येईल, आणि रखवालदार पाणी विचारेल. बाकी काही नाही.

पण एक गोष्ट तुझ्याकडं आहे जी ब्लॅकबर्नच्या कुठल्याच फॅनकडं नाही. तू त्यांच्या धंद्यातला आहेस. मालकाला इंग्रज फॅनचं म्हणणं परक्याचं वाटत असेल. अंड्याच्या शेडमधून, मराठीत, नावगाव घालून आलेलं पत्र वेगळं पडतं. ते लिही.

साताऱ्याचा लाल

काकांशी सहमत. फक्त ईमेल करू नको, ईमेलला उत्तर येत नाही. स्पीड पोस्टनं पाठव, पोच ठेव, आणि एक प्रत इंग्लंडला क्लबच्या ऑफिसला. आणि त्या इंग्लंडच्या मित्राला दे, त्यांच्या पेपरात छापून येऊ दे. तो तुझा बोर्ड.

अंडीवाला विटा

ठरलं. पुण्याला बोर्ड घेऊन जात नाही. इंग्लंडच्या मित्राला तसं कळवलं, तो जरा हिरमुसला, पण पत्राचं ऐकून म्हणाला इंग्रजी भाषांतर मी छापून आणतो.

पत्रात ‘जा’ म्हणणार नाही. तीन गोष्टी मागतोय. वर्षातून एकदा मालकांपैकी कुणीतरी ईवूडला जाऊन फॅनसमोर बसावं आणि प्रश्न घ्यावेत. महिलांची टीम परत वर न्यायला किती खर्च आहे आणि तो कधी करणार, ते आकड्यात सांगावं. आणि मॅनेजर नेमताना त्याला किमान किती पैसे, किती मुदत देणार, ते आधीच जाहीर करावं.

आण्णांना वाचून दाखवलं. पहिल्या दोन मागण्यांना गप्प बसले. तिसऱ्याला म्हणाले, “ही बरोबर आहे. बॅच टाकायच्या आधी खाद्याचे पैसे बाजूला काढायचे असतात.” मग म्हणाले, सही माझी पण घाल, आणि वर लिही की १९८२ पासूनचे आम्ही.

मसुदा उद्या रात्री इथं टाकतो, कुंडलच्या काकांनी शुद्धलेखन बघावं. आत्ता गाडी आलीय, ट्रे भरायचेत.

मिरजेची, सध्या लँकेशायर

महिला टीमच्या मागणीत मुलींच्या गटांचं पण नाव घाला दादा. शेजारणीच्या मुलीला विचारून नक्की कुठल्या वयाचे गट चालू आहेत ते उद्यापर्यंत कळवते.